तांदळाएवढी फट

दरवर्षी ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी इथलं सरकार मला एक तास परत देतं. घड्याळं मागं न्यायची आणि अंथरुणात पडल्या पडल्या फुकटचा तास पदरात पाडून घ्यायचा. लीड्समध्ये अर्धं आयुष्य काढलं, तरी या तासाचं काय करावं ते मला उमगलेलं नाही. झोप येत नाही, उठावंसंही वाटत नाही. खिडकीबाहेर शेजाऱ्यांच्या झाडाची ओली पानं फुटपाथला चिकटलेली असतात, दूधवाल्याची गाडी बाटल्या किणकिणवत जाते, आणि जिन्याच्या वळणावर जळक्या कापसाचा वास येतो. वात विझल्यावर येतो तोच. आता माझ्या घरात वात लावतं कोण? देवापुढे मी प्लगचा दिवा ठेवलाय, लाल बल्बवाला. तो विझत नाही आणि त्याला कसलाही वास नाही.

सासूबाईंचा या तासावर पहिल्यापासून विश्वास नव्हता. त्या कराडहून आमच्याकडे आल्या त्या उन्हाळ्यात. ऑक्टोबरात डॉक्टरांनी, म्हणजे त्यांच्या मुलानं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, घरभर फिरून घड्याळं मागं केली, तेव्हा त्यांनी आपलं गजराचं घड्याळ पदराखाली घेतलं. हा तास कुणाचा, असं त्यांनी विचारलं. मार्चमध्ये काढून घेतला होता तोच परत देतात, असं डॉक्टरांनी समजावलं. "काढून घेतला तेव्हा मी इथं नव्हते," सासूबाई म्हणाल्या. "मग तो माझा नाही. दुसऱ्याचा तास मी वापरणार नाही." आणि त्या हिवाळ्यात आमच्या घरात दोन वेळा चालू राहिल्या. एक डॉक्टरांच्या हॉस्पिटलची आणि एक समोरच्या खोलीतली.

यंदा तो तास जरा जास्तच लांबला, कारण आता बागेच्या कडेला पाटी लागली आहे. घर विकणे आहे. माझी मुलगी स्वाती लंडनजवळ पिनरला असते. डॉक्टर गेल्यापासून तिचा एकच धोशा आहे. आई, बी सेन्सिबल, एवढं मोठं घर तू एकटी किती दिवस हीट करणार, तुझा खोली रेडी आहे, ईराला पण आजी पाहिजे. खोलीला ती गेली वीस वर्षं पुल्लिंगी करते आणि मी गेली वीस वर्षं दुरुस्त करते. एका तरुण जोडप्याला घर पसंत पडलंय. शुक्रवारपर्यंत एजंटला हो किंवा नाही सांगायचं आहे. त्यानं बॉयलर किती जुना ते विचारलं, पोटमाळ्यावर ओल आहे का ते विचारलं. आत कोण कोण राहतं, ते मात्र नाही विचारलं. मी एकटी असं त्यानं गृहीत धरलं. मीही सुधारलं नाही. म्हाताऱ्या बाईनं तोंड उघडलं की किंमत कमी होते.

पण खरं सांगायचं तर मी एकटी नाही. समोरच्या खोलीतला रेडिएटर साफ करायला गेलं की त्याच्या मागून अजून कापसाचा पिंजलेला पुंजका निघतो. इतक्या वर्षांत खोलीला दोनदा रंग दिला, कार्पेट बदललं, तरी निघतो. दुपारी रेडिओ बंद केला की कुणीतरी खाकरतं. पूर्वी डॉक्टर म्हणायचे, पाइपमध्ये हवा आहे. आता ते स्वतःच त्या हवेत सामील झालेत. संध्याकाळी त्यांच्या घरी यायच्या वेळेला लेटरबॉक्सची झडप एकदा वाजते आणि पत्र नसतं. मायलेक दोघं आहेत. घर विकायचं तर त्यांना विचारायला नको? हे मी स्वातीला सांगितलं असतं, तर तिनं मला पिनरऐवजी दुसरीकडेच नेलं असतं. म्हणून मी तिला म्हटलं, विचार करते. आणि विचार करताना माझं पाऊल अडतं ते जिन्यातल्या एका चित्रापाशी.

ते चित्र त्याच हिवाळ्यातलं. बर्निसचं.

तेव्हा मी चाळिशीत होते आणि फार शहाणी होते. आज ती बाई मला रस्त्यात भेटली, तर मी पलीकडच्या फुटपाथनं जाईन. नायलॉनच्या साडीवर मरून कार्डिगन, पायात मोजे आणि सँडल, आणि तोंडात 'आर्ट'. डॉक्टर हॉस्पिटलात, स्वाती शाळेत, मग मी काय करायचं? एका बंद पडलेल्या चॅपलमध्ये छपाईचे वर्ग चालायचे, दर मंगळवारी सकाळी. तिथं मी लिनोवर, म्हणजे मऊ लिनोलियमच्या तुकड्यावर, छापायचे ठसे कोरायला शिकत होते. इतर बायका सशाची पिल्लं आणि टोपल्या कोरायच्या. मी दिवाळीची ग्रीटिंग कार्डं कोरली. अक्षरं उलटी कोरायची असतात हे मला सांगितलं होतं, पण फिजिक्सच्या पदवीधर बाईला आरसा समजावून सांगणारे हे कोण, अशा तोऱ्यात मी ती सरळ कोरली. त्या वर्षी यॉर्कशरमधल्या सगळ्या मराठी कुटुंबांना माझ्या शुभेच्छा आरशात धरून वाचाव्या लागल्या. ब्रॅडफर्डच्या एक बाई अजूनही भेटल्या की पर्समधून छोटा आरसा काढतात.

त्या वर्गावर ऑक्टोबरात एक पाहुणी चित्रकार आली, ख्रिसमसपर्यंत राहायला. बुटकी, रुंद चेहऱ्याची, काळ्या केसांचा मागं घट्ट बांधलेला अंबाडा, मखमलीचा ब्लाउज आणि मनगटात चांदीचं जाड कडं. मला आनंद झाला. म्हटलं, आली एक आपल्याकडची, नेपाळची नाहीतर लडाखची. मी लगबगीनं गेले आणि हिंदीत तिची गाव-घर-मुलंबाळं अशी सगळी चौकशी केली. तिनं शेवटपर्यंत शांतपणे ऐकलं. मग सावकाश इंग्रजीत म्हणाली, "तुम्ही जे विचारलंत ते ऐकायला छान वाटलं. मी ॲरिझोनाची आहे."

बर्निस नॅव्हाहो होती. तिचे लोक स्वतःला दिने म्हणतात, असं तिनं सांगितलं. माझं त्यांच्याबद्दलचं ज्ञान शाळेत असताना भाड्यानं आणून वाचलेल्या काऊबॉयच्या चित्रकथांपुरतं होतं. घरी येऊन मी सासूबाईंना सांगितलं, की आमच्या वर्गात रेड इंडियन बाई आली आहे. त्यांनी विचारलं, "रेड म्हणजे कम्युनिस्ट का?" मी म्हटलं, नाही. "मग जेवायला बोलाव."

ती आली ती मागच्या दारानं. पुढच्या दाराची बेल वाजली म्हणून मी उघडायला गेले तर बाहेर कोणी नाही. बर्निस घराला वळसा घालून स्वयंपाकघराच्या दाराशी उभी. पूर्व कुठली, असं तिनं विचारलं. मी दिशा शोधायला खिडकीबाहेर डोकावले. सासूबाईंनी मात्र न बघता हात केला, त्याच दाराकडे. रोज सकाळी त्या तिथंच उभं राहून सूर्याला पाणी द्यायच्या. म्हणजे सूर्य ज्या बाजूला असायला हवा त्या बाजूला. लीड्सच्या नोव्हेंबरात तो दिसण्याची अट घातली असती, तर तांब्या भरलेलाच राहिला असता. बर्निस समाधानानं हसली. त्यांच्याकडच्या घरांचं दार पूर्वेला असतं. ती आत आली आणि टेबलाला प्रदक्षिणेसारखं उजवं घालून पलीकडच्या खुर्चीपर्यंत गेली. जवळची खुर्ची रिकामी होती तरी. सासूबाईंनी मला कोपरानं ढोसलं. "बघितलंस? वळण आहे तिला."

त्यानंतर ती मंगळवारी वर्ग झाला की आमच्याकडेच यायची. माझ्याकडे येते असा माझा समज होता. ती यायची सासूबाईंकडे. सासूबाईंना इंग्रजी येत नव्हतं, बर्निसला मराठी येत नव्हतं, आणि दोघींना त्याची काही अडचण नव्हती. सासूबाई गॅसच्या शेगडीपाशी पाय पसरून बसायच्या आणि केमिस्टकडून आणलेल्या कापसाच्या वाती वळायच्या. नडगीवर तळहात फिरवून, एका लयीत. बर्निसनं ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा हातातला कप खाली ठेवला. तिची आजी लोकर कातताना चाती अशीच मांडीवर फिरवायची. तिनं कापूस मागून घेतला, आपल्या जीन्सच्या मांडीवर वळायला लागली. तिच्या वाती जाड आणि दमदार व्हायच्या. सासूबाई म्हणायच्या, ही वात देवापुढे नको, हिनं अख्खं कराड उजळेल. पण लावायच्या मात्र तीच.

त्या दिवसांत आमच्या घरात एक गोष्ट हवेत लोंबकळत होती. सासूबाईंना कराडला परत जायचं होतं. पोराचा संसार बघून झाला होता, आता नदीकाठच्या आपल्या दोन खोल्यांत जायचं होतं. त्यांच्या छातीत कफ होता. डॉक्टर म्हणत, हिवाळ्यात विमानप्रवास नको, वसंतात जाऊ. सासूबाई रोज विचारायच्या, वसंत कधी. बाहेर चार वाजता अंधार पडायचा. दोन घड्याळांच्या घरात वसंत कधी, हे सांगणं कठीणच होतं.

अशाच एका मंगळवारी बर्निसनं मला विचारलं, "तुझी नाळ कुठं पुरली आहे?" त्यांच्याकडे माणूस कुठलं हे असंच समजतं. तिची स्वतःची मेंढ्यांच्या कोंडवाड्यात पुरली होती, आजीच्या घराजवळ. म्हणजे मुलीचं मन मेंढरांपाशी राहतं. मी काय म्हणाले असेन? तेव्हाची ती शहाणी बाई म्हणाली, की आमच्याकडेही पूर्वी असलं काहीतरी करायचे, पण आम्ही आता आधुनिक आहोत. स्वाती तिथंच गृहपाठ करत बसली होती. तिनं विचारलं, "मग माझा कुठे आहे?" मी म्हटलं, वाळून पडली तेव्हा मी कापसात गुंडाळून बिनमध्ये टाकली. स्वाती म्हणाली, "ग्रेट. म्हणजे मी कौन्सिलच्या डंपची." बर्निस हसली नाही. सासूबाईंनी काय झालं ते विचारून घेतलं आणि एवढंच म्हणाल्या, "माझ्या मुलाची कराडला पेरूखाली आहे. पेरू तोडला, तरी जागा मला ठाऊक आहे."

मग बर्निसनं तिच्या आजीच्या घराबद्दल सांगितलं. पुढंमागं करत, शेगडीकडे बघत. दोन जमातींमध्ये जमिनीची वाटणी करताना सरकारनं कुंपणाची एक रेघ ओढली होती, आणि आजीचं मातीचं आठकोनी घर त्या रेघेच्या पलीकडे गेलं. नवं घर देतो, नळ आहे, वीज आहे, चला, असं सांगायला माणसं येत होती. आजी जात नव्हती. मुलांच्या, नातवंडांच्या नाळी तिथं आहेत, त्या कुठं उचलून नेऊ, असं विचारायची. बर्निस जगात कुठंही गेली की तेच घर छापायची. पक्षी वरून बघेल तसं. मधे गोल, भोवती मेंढ्यांच्या वाटा, आणि उजवीकडे दार.

सासूबाईंनी सगळं माझ्याकडून ऐकून घेतलं. मग त्यांनी मला असं काही विचारलं, की तेव्हा मला ते बालिश वाटलं. "तिची आजी परत जायचं म्हणत नाही. तिथून हलायचं नाही म्हणते. मी परत जायचं म्हणते. मग आमच्यात घरी कोण आहे?" मी म्हटलं, आई, चहा घ्या.

पहिलं दाट हिव पडलं त्या मंगळवारी बर्निसनं सासूबाईंचं सूत मागितलं आणि बोटांत अडकवून आकृत्या करायला लागली. चांदण्या, दोन डोंगर, एक झोपलेला माणूस. हा खेळ फक्त हिवाळ्यात खेळायचा असतो, म्हणाली, साप आणि अस्वलं झोपलेली असताना. खिडकीच्या काचेवर आतून वाफ धरली होती. सासूबाईंनी तिच्या बोटांतला डोंगर आपल्या बोटांत उचलून घेतला, अलगद, एकही दोरा न सुटता. अजून हिव पडलं की मला ती चार हातांमधली दोरी दिसते. हात दिसत नाहीत.

जाण्याआधी तिनं आमच्याच स्वयंपाकघरात एक चित्र छापलं. टेबलावर वर्तमानपत्रं पसरून, रोलरनं शाई लावून, वर कागद ठेवून माझ्या लाकडी डावाच्या पाठीनं घासून घासून. त्या डावाला आजही काळी कड आहे आणि मी त्यानं अजून आमटी ढवळते. घर उलटं कोरलेलं होतं, दार डावीकडे. कागद उचलला तसं ते सुलटं झालं, दार उजवीकडे, पूर्वेला. ते बघून मला वाटलं, ही बाई घराकडे पाठ करून बसली म्हणूनच ते इतकं सरळ उमटलं. तेव्हा अर्थात मी असं म्हणाले नाही. तेव्हा मी म्हणाले, "व्हेरी स्ट्राँग कॉम्पोझिशन."

गेरूसारखं लाल घर, आणि सगळ्याला जाड काळी कड. त्या कडेत उजवीकडे वर एक पांढरी फट होती. तांदळाच्या दाण्याएवढी. ते चित्र तिनं सासूबाईंना दिलं. सासूबाईंनी ते शेगडीवरच्या भिंतीला टाचण्यांनी लावायला लावलं.

पुढच्या मंगळवारी बर्निस आली, शेगडीपाशी बसली आणि वर बघून थबकली. फट नव्हती. कड सलग होती. जवळ जाऊन बघितलं तर तेवढा भाग जरा मऊ, जरा चमकदार काळा. सासूबाई डोळ्यांना थंडावा म्हणून घरी तुपाच्या दिव्यावर काजळ धरायच्या. त्यांनी काडीला ते लावून फट बुजवून टाकली होती. आणि त्याचा त्यांना अभिमान होता. दारापुढं रांगोळी काढणारी बाई ती. उघडं टोक सहन होईना. "पोरीची नजर चुकली," त्या मला म्हणाल्या. "कड अशी तुटकी ठेवली तर घरातली लक्ष्मी निघून जाईल."

मी शरमेनं लाल. दुसऱ्याच्या चित्रावर काजळ! मी माफी मागायला लागले. बर्निसनं मला हातानं थांबवलं आणि सांगितलं, की नजर चुकली नव्हती. तिची आजी मागावर घोंगडी विणते. कडेत एक धागा बाहेर जाणारा ठेवते, म्हणजे विणणारीचं मन त्या विणीत अडकून पडत नाही, पुढच्या विणीकडे जाऊ शकतं. सगळ्याच बायका ठेवत नाहीत, तिची आजी ठेवते. म्हणून बर्निसही ठेवते.

मी ते सासूबाईंना सांगितलं. सगळं, आहे तसं. त्या बराच वेळ चित्राकडे बघत राहिल्या. वाटलं, आता म्हणतील पुसून टाक. त्यांनी हातातली वात पुरी वळली, शेवटाला पीळ दिला.

"तिला जायचं आहे," त्या म्हणाल्या. "तिनं ठेवलं ते बरोबर. मला आता कुठं जायचंय? माझ्या मुलाचं घर आहे हे. ह्यातलं काही बाहेर जायला नको." मग माझ्याकडे वळून, ओठांच्या कोपऱ्यातून हसल्या. "तुला कधी जावंसं वाटलं तर पूस. काजळ आहे गं ते, शाई नाही."

मी ते वाक्य बर्निसला इंग्रजीत सांगितलं. ती सासूबाईंच्या पायाशी जमिनीवर बसली आणि वाती वळायला लागली. मला मात्र त्या वाक्यात फक्त विनोद ऐकू आला. 'मला आता कुठं जायचंय', हे मी ऐकलंच नाही. रोज वसंत कधी विचारणाऱ्या बाईनं त्या दिवसापासून विचारायचं बंद केलं, तेही माझ्या लक्षात यायला फार दिवस लागले. तोवर विचारणारंच कुणी नव्हतं.

डिसेंबरात त्या गेल्या. समोरच्या खोलीत, दुपारी, डॉक्टर शेजारी असताना. पुढचा दीड दिवस त्यांचं घड्याळ आपल्या वेळेनं चालत राहिलं. त्याला किल्ली द्यावी की देऊ नये, हे आम्हा दोघांना ठरवता आलं नाही.

समाचाराला लीड्सच्या, ब्रॅडफर्डच्या बायका आल्या. खाली मान घालून बसल्या. आपल्या रीतीप्रमाणे 'येते' न म्हणता एकेक उठून गेली. त्या गर्दीत मला खिडकीतून बर्निस दिसली. फाटकाच्या बाहेर, प्रिव्हेटच्या झुडपांच्या कुंपणाला लागून, पावसात उभी. आत येईना. एक बाई म्हणाल्या, ती तुमची मैत्रीण, नुसती बाहेरून बघतेय, पद्धत काय असते एकेकांची. मलाही राग आला. जिनं हिला मांडीवर वाती वळू दिल्या, तिच्या समाचाराला हिला उंबरा ओलांडवेना?

मी कार्डिगन डोक्यावर घेऊन बाहेर गेले. ती म्हणाली, की आमच्यात माणूस ज्या घरात जातं त्या घरात आम्ही पाऊल ठेवत नाही. ते घर सोडून देतात. भिंतीला भोक पाडतात आणि सगळे निघून जातात. "म्हणून मी आत येणार नाही. पण तू बाहेर ये. माझ्याबरोबर चाल."

सगळे निघून जातात म्हणजे कुठं, असं मी विचारलं. "जवळच," ती म्हणाली. "नवं घर बांधतात. दार पूर्वेला."

आम्ही राउंडहे पार्कपर्यंत चालत गेलो. तळ्यावर धुकं होतं. तिनं सासूबाईंचं नाव घेतलं नाही. गेलेल्यांचं घ्यायचं नसतं. मीही कधी घेतलं नव्हतं, सासूचं नाव सून घेत नाही. त्यामुळं सासूबाई आम्हा दोघींच्या मधून, नाव नसलेल्या, आमच्या पावलांबरोबर चालत होत्या असं मला वाटलं, आणि भीती वाटली नाही. रस्त्याच्या तोंडाशी आल्यावर बर्निस माझा हात दाबून वळली आणि काही न बोलता गेली. 'बाय' नाही, 'सी यू' नाही. हिला इतकं बरोबर कुणी शिकवलं, असं वाटून मी तिथंच उभी राहून रडले. दोन दिवसांनी ती अमेरिकेला परतली. पुढं तिच्या आजीचं काय झालं, ते घर राहिलं का, मला कळलं नाही. कळवून घ्यावं असं वाटायचं आणि धीर व्हायचा नाही. माझ्या जिन्यात तरी ते उभं होतं.

डॉक्टरांनी चित्र फ्रेम करून आणलं, काच थेट कागदावर बसवून, स्वस्तातलं. आणि जिन्याच्या वळणावर लावलं. नव्वद साल येऊन गेलं, स्वाती पिनरची झाली, आम्ही कधी परत जाणार हा प्रश्न आधी दर दिवाळीला निघायचा, मग निघेनासा झाला. शेवटी शेवटी जिना चढताना डॉक्टर दमले की त्या चित्रापाशी थांबायचे आणि मला म्हणायचे, "आईनं पक्की बंद केलीय बघ." मग वर जायचे. एकदा गेले ते उतरले नाहीत. तेव्हापासून मला वाटायचं, त्या बाईनं एक काडीभर काजळ लावून आम्हा सगळ्यांना आत ठेवलंय. जे गेले त्यांनाही. बर्निसच्या लोकांनी भोक पाडून हे घर केव्हाच सोडलं असतं. आणि आम्ही त्याच्या खिडक्यांना दुहेरी काचांचं डबल ग्लेझिंग करून घेतलं.

काल गुरुवार. दुपारी, उजेड आहे तोवर, मी चित्र भिंतीवरून काढलं. त्याच टेबलावर वर्तमानपत्र पसरलं. लोणी लावायच्या सुरीनं फ्रेमच्या मागचे खिळे वाकवले. फार हात थरथरत होते, असं लिहायला हवं, पण खरं तर मला भूक लागली होती आणि मी मधेच उठून टोस्ट खाल्ला. त्याच पावाचा मऊ गाभा उरला होता. कागदावरचा डाग काढायचा तर पावाचा गाभा, हे बर्निसनंच शिकवलं होतं.

काच उचलली आणि मी थांबले. काचेला आतून एक रेघ होती. तांदळाएवढी, काळी, मऊ. इतक्या वर्षांत काजळ काचेवर उमटलं होतं. सासूबाईंनी आयुष्यात केलेली एकुलती एक छपाई. आणि माझ्या ग्रीटिंग कार्डांपेक्षा पुष्कळ बरी.

मी काच बाजूला ठेवली. पावाच्या गाभ्याची गोळी करून कागदावर हलके हलके टिपत गेले. काजळ सहज आलं, जणू वाट बघत होतं. मागं तुपाचा पिवळसर ठसा राहिला, आणि त्याच्या मधे फट. उघडी. मी कान देऊन बसले. घरात काहीच वाजलं नाही. कुणी खाकरलं नाही. लेटरबॉक्सची वेळ झाली, तोही गप्प. इतकी शांतता, की मलाच खाकरावं लागलं.

मग काच पुसायला कापूस घेतला, आणि हात पुढं जाईना. कागदाला पुन्हा चिकटू नये म्हणून कडांखाली पुठ्ठ्याच्या पट्ट्या घालून तशीच बसवली. आता ते चित्र समोरून बघितलं की कड बंद दिसते. जरा बाजूला सरकून बघितलं की काचेवरची रेघ एकीकडे होते, कागदावरची फट दुसरीकडे, आणि वाट मोकळी. दोन-तीनदा मी इकडून तिकडे सरकून बघितलं. माझी फिजिक्सची पदवी पहिल्यांदाच काही उपयोगी पडली.

संध्याकाळी स्वातीला फोन केला. म्हटलं, एजंटला उद्या हो सांगते, पण मला पूर्वेकडची खोली पाहिजे. ती म्हणाली, "आई, पूर्वेला ईराचा खोली आहे. का पण?" मी म्हटलं, सूर्य बघायला. "पिनरमध्ये?" ती म्हणाली. मग म्हणाली, "त्या बाईचा पेंटिंग आणतेस ना? आजीचं काजळवाला?" म्हणजे तिला आठवत होतं. गृहपाठात डोकं घातलेल्या पोरीनं सगळं ऐकलं होतं. आणि 'आजीचं' तिनं बरोबर म्हटलं. मी काही दुरुस्त केलं नाही.

निघायच्या दिवशी सामानाची गाडी पुढच्या दाराशी लागेल. लागू दे. मी जाणार मागच्या दारानं. ते उघडून, हातानं धरून, जरा वेळ बाजूला उभी राहणार आहे. हवा थंड असेल, स्वाती गाडीतून हॉर्न वाजवेल, वाजवू दे. आधी सासूबाई बाहेर पडतील, घड्याळ पदराखाली घेऊन. मग डॉक्टर. मग मी. या घरात बाहेर निघायचा आमचा क्रम पहिल्यापासून तोच आहे.